हिरव्या तारेचं काम

(धक्क्याला बांधलेली एक जुनी लोखंडी बोट. सकाळ. केबिनच्या दारात धक्क्यावरचा म्हातारा वायरमन आणि कप्तानाची मुलगी. आत पलंगावर कप्तान, नाकाला नळी.)

वायरमन : नाही, ताई, तसं मी करणार नाही. तुम्ही आधी इथं जवळ या. या पायरीवर टेका. एक गोष्ट सांगतो, ती कान देऊन ऐका, आणि मग तुम्ही म्हणाल तसं करू.

मुलगी : मला गोष्ट नको, काका, वीज हवी. सकाळपासून चौथ्यांदा गेली. बाबांचं ऑक्सिजनचं मशिन बंद पडलंय. सिलिंडरवर ठेवलंय त्यांना, आणि त्याचा काटा कुठं आलाय बघा.

वायरमन : पाहिला मघाशीच. पाऊण तास निघेल. माझी गोष्ट दहा मिनिटांची.

मुलगी : आणि तुमचं काम दोन मिनिटांचं! धक्क्यावरच्या पेटीतला तो सारखा ट्रिप होणारा स्विच काढा आणि आमची केबल डायरेक्ट जोडून द्या. दोन्ही बाजूंच्या बोटींवर दिवे आहेत. तुमच्या स्विचचा आमच्यावरच डोळा का?

वायरमन : डोळा आहे म्हणून तर बसवलाय. हे बघा, किनाऱ्याची वीज या केबलमधून बोटीत येते. आत तारा तीन. लाल तार वीज घेऊन येते, काळी परत नेते. जितकी आली तितकी परत गेली पाहिजे. शाळेच्या सहलीतल्या बाई असतात ना, तसा हा स्विच. जाताना चाळीस पोरं होती आणि येताना एकोणचाळीस भरली, की बाई गाडी जागची हलू देत नाहीत. आणि तुम्ही म्हणताय, बाईंनाच खाली उतरवा.

मुलगी : मी म्हणतेय, माझ्या बापाला श्वास घेऊ द्या.

वायरमन : घेऊ दे, बाळा, शंभर वेळा घेऊ दे. पण चाळिसावं पोर गेलं कुठं? माझ्या मते ते तुमच्या तळातून पाण्यात उतरलंय.

मुलगी : उतरू दे. पाण्याला काय शॉक बसणार आहे?

वायरमन : पलीकडच्या बोटीपाशी ते बुडबुडे दिसतात?

मुलगी : …कोण आहे तिथं?

वायरमन : पाणबुड्या. तळाचं शेवाळ खरवडतोय. इथून दहा पावलं.

मुलगी : मग त्याला वर बोलवा ना.

वायरमन : बोलावलाच. मदतनिसानं दोरी ओढलीय, येईल वर. पण उद्या दुसरा उतरेल. परवा कुणाचं लेकरू पोहेल. तुम्ही इथं किती दिवस आहात?

मुलगी : डॉक्टर म्हणाले, जिथं यांचं मन रमतं तिथं ठेवा. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

कप्तान : कोण आलंय गं… बाहेर कुजबुजतंय कोण?

मुलगी : वायरमनकाका आहेत, बाबा. तुम्ही बोलू नका.

कप्तान : मिस्त्री? तो अजून… आहे?

वायरमन : आहे, कप्तान. तुमच्यासारखा देश पालथा घालायला मला कुठं जमणार? मी आपला धक्क्याचा खांब. या ताई, आत चला. हात चालू ठेवू आणि तोंडही. या फळीवरची सगळी बटणं खाली करा. दिवे, फ्रिज, मशिन, सगळी.

मुलगी : केली.

वायरमन : पाणबुड्या वर आलाय, आता मी धक्क्यावर स्विच वर करतो. मी 'हं' म्हटलं की एकेक बटण वर करा. एकाच वेळी दोन करू नका. …हं!

मुलगी : दिवे! लागले, राहिले.

वायरमन : पुढचं.

मुलगी : फ्रिज. राहिला. आता मशिन करते. …काका, मशिन चालू झालं! बाबा, नळी नीट लावते हं. असा घ्या श्वास. असा.

वायरमन : देवा, तुझी कृपा. सिलिंडर बंद करून ठेवा, पुढं लागला तर असू दे. बाकीची बटणं तशीच खाली असू द्या. जरा दम खा.

मुलगी : तुम्ही आधी हेच का नाही केलंत? उगाच घाबरवलंत.

वायरमन : तुम्ही पाना घेऊन पेटीपाशी उभ्या होतात. माझं ऐकेपर्यंत तुम्ही स्वतःच डायरेक्ट जोडलं असतंत. जोडलं असतंत की नाही?

मुलगी : …असतं.

वायरमन : म्हणून गोष्ट. आता तरी ऐकाल?

मुलगी : सांगा. आता हवी तेवढी लांब सांगा.

वायरमन : माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पाणबुड्या होता. सगळे त्याला कासव म्हणायचे. वर यायला वेळ लावायचा, आणि जमिनीवर आला की उलथा पडल्यासारखा अवघडून बसायचा. पाण्याखाली गायचा तो.

मुलगी : पाण्याखाली? कसं?

वायरमन : तोंडात हवेची नळी धरून गुणगुणायचा. वर आवाज इतका बेसूर की बहीण म्हणायची, त्यापेक्षा म्हशी ओरडलेल्या बऱ्या. तो म्हणायचा, खाली कुणी नावं ठेवत नाही. आम्ही धक्क्यावर बसून बुडबुडे बघायचो आणि कुठलं गाणं चाललंय ते ओळखायचो. खरं सांगतो, बुडबुडे तालात यायचे.

कप्तान : आठवतं… मला. कासव.

वायरमन : आठवणारच. तुमच्या बोटीचा तळही त्यानं घासलाय. तर ऐका. त्या साली धक्क्याला नवा लोखंडी तराफा आणून जोडला, आणि बोटींच्या तळाला कीड लागली. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याजवळ जस्ताची वडी लावतात, ताई. पाण्यानं धातू खायचाच असला तर आधी तिला खावं, पंखा वाचावा, यासाठी. वर्षभर टिकणारी वडी दोन महिन्यांत नाहीशी व्हायला लागली. मग पंख्यांना खड्डे. कप्तान मंडळी माझ्या मागं लागली, मिस्त्री, काहीतरी कर.

मुलगी : वडीचा आणि वायरमनचा काय संबंध?

वायरमन : हिरव्या तारेचा संबंध. केबलमधली तिसरी तार. ती रोज काहीच करत नाही, नुसती पडून असते. एखादं यंत्र बिघडलं आणि वीज त्याच्या पत्र्यावर आली, तर ती धरून किनाऱ्यावर जमिनीत नेऊन सोडायची, एवढंच तिचं काम. आपण तिला अर्थिंग म्हणतो. पण या हिरव्या तारेनं धक्क्यावरच्या सगळ्या बोटींचे धातू एकमेकांना बांधलेले असतात. एका पाण्यात, एका तारेनं. मग शेजाऱ्याच्या लोखंडापायी आपलं जस्त झिजतं.

मुलगी : म्हणजे आपली वडी दुसऱ्याला वाचवते.

वायरमन : बरोबर. आता साधुसंत म्हणतील, यापरतं पुण्य नाही. मला तेव्हा ते कळलं नाही. मला युक्ती सुचली. हिरवी तार कापली, की नातं तुटलं आणि झीज थांबली. एका बोटीवर कापली. वडी टिकली. सगळा धक्का म्हणाला, मिस्त्री म्हणजे मिस्त्री! मी पक्कड घेऊन बोटी फिरलो. सात बोटींचं अर्थिंग मी या हातानं तोडलं.

मुलगी : आणि कुणाला काही झालं नाही?

वायरमन : दोन वर्षं काही नाही. तेच तर वाईट. लगेच झटका बसला असता तर शहाणा झालो असतो.

कप्तान : मिस्त्री… पुरे.

वायरमन : का हो? दम लागला?

कप्तान : नाही. …सांगा.

वायरमन : पावसाळा नुकताच सरला होता. नदीला वरचं पाणी आलेलं, त्यामुळं इथलं पाणी अगदी गोडं झालेलं. आता हे ध्यानात घ्या, ताई. खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते. मध्ये माणूस आला तर वळसा घालते. गोड्या पाण्यातून तिला वाट कठीण, आणि माणसाच्या अंगात रक्त, घाम, सगळं मीठ. गोड्या पाण्यात माणूसच खारा. तिला तोच सोपा पडतो.

मुलगी : आई गं.

वायरमन : कासव सकाळी सातला उतरला. मी धक्क्यावर दिवा बदलत होतो. बुडबुडे तालात होते. मग एकाएकी सगळे एकदम वर आले, आणि नंतर एकही नाही. शिडीवरून उतरून मी पाण्यात हात घातला, तर कोपरापर्यंत मुंग्या. हात काढला. ताई, मी हात काढला. मेन बंद करायला धावलो, तेही बरोबरच होतं, सगळे म्हणतात बरोबर होतं. बंद करून आलो तोवर बराच वेळ गेला होता.

मुलगी : काका, पाणी घ्या थोडं.

वायरमन : अंगावर एक डाग नाही. असल्या झटक्यात हातपाय आखडतात, तोंडातली नळी सुटते, आणि माणूस शुद्धीत असून बुडतो. डॉक्टरांनी लिहिलं, बुडून मृत्यू. आता पाणबुड्या बुडून मेला यावर लोक काय म्हणणार? म्हणाले, रात्रीची उतरली नसेल. प्यायला असेल.

मुलगी : प्यायचा?

वायरमन : लग्नाआधी प्यायचा. नंतर नाही. पण एकदा शिक्का बसला की पुसायला कोण येतं? माझी बहीण 'दारुड्याची बायको' झाली. तिचं पोर शाळेत भांडून यायचं. मी ओरडून सांगत होतो, पाण्यात वीज होती, माझी अक्कल होती ती, मी तारा तोडल्या. चौकशीवाले म्हणाले, दाखव, कुठल्या बोटीची वीज? साती बोटी तपासल्या. साती धडधाकट. एकीतही गळती नाही.

मुलगी : मग?

वायरमन : मग काय. मिस्त्री मेहुण्याची अब्रू झाकतोय, असं ठरलं. मी साती तारा परत जोडल्या. तीन वर्षं अर्ज करून प्रत्येक खांबावर हा स्विच बसवून घेतला. तुम्ही डायरेक्ट करा म्हणालात तो स्विच. माझ्या हातून झालेलं सगळं मी बहिणीला सांगितलंय. ती मला जेवायला वाढते, ताट वाकडं ठेवत नाही, पण गेली नऊ वर्षं माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. संपली गोष्ट. आता ती राहिलेली बटणं एकेक वर करा.

मुलगी : हा पंप. …राहिला. आणि हा न्हाणीतला गीझर. …गेली! सगळं गेलं!

वायरमन : गीझर खाली करा. मी स्विच चढवतो. …आलं?

मुलगी : आलं. मशिन चालू आहे. म्हणजे चोर गीझर! मी त्याला आता हातही लावत नाही. झालं ना, काका? सुटलो.

वायरमन : अर्धे सुटलो. गीझर बिघडला, बिघडू दे, यंत्र आहे. पण त्याची वीज हिरव्या तारेनं किनाऱ्याला जायला हवी होती. मी मघाशी केबलला मीटर लावून बघितलं, हिरवी तार मेल्यासारखी पडलीय. बोटीत केबल शिरते तिथली ती पेटी उघडतो.

कप्तान : नको.

वायरमन : काय?

कप्तान : ती पेटी… उघडू नका.

मुलगी : बाबा? का?

कप्तान : मिस्त्री, तुम्ही तेव्हा माझ्याकडंही आला होतात. पक्कड घेऊन.

वायरमन : आलो होतो. तुम्ही हाकललंत मला. माझ्या बोटीची तार कापणारा अजून जन्मायचाय, म्हणालात. मला अजून आठवतंय, तेवढ्यासाठी मी तुम्हाला मान देत आलो. म्हणून तर तुमची बोट माझ्या सातात नव्हती.

कप्तान : दोन आठवड्यांनी वडी बघितली. नखाएवढी उरली होती. लाज वाटली… तुम्हाला बोलवायची. मीच कापली. वर पट्टी गुंडाळली.

मुलगी : बाबा, सावकाश. नळी निघेल.

वायरमन : …ताई, स्क्रूड्रायव्हर तुम्ही धरा. पेटी तुम्हीच उघडा.

मुलगी : चारी स्क्रू काढते. …हो. हिरवी. टोक कापलंय, वरची काळी पट्टी कोळशासारखी कडक झालीय.

वायरमन : कप्तान. गीझर केव्हाचा?

कप्तान : बारा वर्षं झाली.

वायरमन : त्या सकाळी तुमची बोट कुठं होती?

कप्तान : इथंच. त्याच्या शेजारच्या जागेला. आठ वाजता निघायचं होतं. दाढीला… पाणी तापवलं होतं.

वायरमन : आणि निघालात.

कप्तान : गर्दी जमलेली दिसली. वाटलं, कुणीतरी पडलं असेल, काढतील. मला ओहोटी गाठायची होती. पुढच्या बंदरात महिन्यानं कळलं, कासव प्यायलेला बुडाला. मी म्हणालो… कासवाकडून ही अपेक्षा नव्हती. असं म्हणालो मी, मिस्त्री. चारचौघांत.

वायरमन : नऊ वर्षं मी आठवी बोट शोधतोय. कोणती नवी बोट आली की गप्पा मारत मारत जाऊन तिची पेटी बघतो. लोक म्हणतात म्हाताऱ्याला खोड लागलीय. आणि ज्यानं मला हाकललं त्याच्यावर मी कधी संशय घेतला नाही.

मुलगी : काका, तुम्हाला ओरडायचंय का? ओरडा. मी दार लावते. पण त्यांना नाही, मला ओरडा. मघाशी मी डायरेक्ट जोडायला निघाले होते. तो खालचा माणूस… मला तर त्याचं तोंडही माहीत नाही.

वायरमन : ओरडून काय करू? युक्ती माझी, पक्कड यांची. देवापुढं दोघंही एकाच रांगेत उभे राहू. आणि त्या दिवशीची वीज याच गीझरची होती, हे आज कुणी सिद्ध करू शकणार नाही, कप्तान. तुम्ही स्वतःला फाशी देऊ नका.

कप्तान : सिद्ध नको. मला कळलं… पुरे. तार जोड, पोरी.

मुलगी : जोडते. पण मग पंखा? जस्त खाल्लं जाईल म्हणत होतात.

कप्तान : जाऊ दे.

वायरमन : त्याला एक छोटा डबा मिळतो, हिरव्या तारेत मध्ये बसवायचा. बारीक झीज अडवतो आणि मोठी वीज आली की वाट देतो. नऊ वर्षांपूर्वी मला तो माहीत नव्हता. उद्या आणून लावतो. आज तार सरळ जोडा. आधी मी धक्क्यावरचा स्विच बंद करतो, तेवढ्यापुरतं त्यांना सिलिंडर द्या. …हं, बंद आहे. जुनं टोक कापून बाजूला काढा, आतलं तांबं चांगलं घासा. पीळ उजवीकडं. हां. आता हा स्क्रू, घट्ट. अजून घट्ट. ओढून बघा.

मुलगी : सुटत नाही.

वायरमन : मी स्विच चढवतो. मशिन बघा.

मुलगी : चालू. काका… मीटर लावा ना हिरवीला. मला बघायचंय.

वायरमन : हे बघा. आता ती जिवंत आहे, म्हणजे काहीही करत नाहीये.

कप्तान : मिस्त्री. तुमच्या बहिणीला… इथं आणाल?

वायरमन : कशाला?

कप्तान : मी चारचौघांत म्हणालो होतो. तिच्यासमोर परत घ्यायचंय. चौकशीवाल्यांना कागद हवा असेल तर… पोरगी लिहील, मी सही करतो. हात चालतोय तोवर.

वायरमन : विचारतो. येईलच असं नाही सांगत. पण एवढं सांगेन की आठवी बोट सापडली.

मुलगी : मी येते तुमच्याबरोबर. तुम्ही एकट्यानं सांगितलंत तर पुन्हा म्हणतील, मिस्त्री झाकतोय. मी पेटी उघडलीय, तार मी पाहिलीय. कापलेलं टोक आणि ती पट्टी जपून ठेवलीय रुमालात.

वायरमन : वडलांना एकटं सोडून?

कप्तान : जा. मशिन आहे… माझ्याजवळ.

मुलगी : शेजारच्या बोटीवरच्या काकूंना बसवते, तासाभरात येऊ. काका, त्यांचं खरं नाव काय? 'कासव' कसं म्हणू मी तुमच्या बहिणीपुढं?

वायरमन : ते तिच्या तोंडून ऐका. ते नाव घ्यायचा माझा हक्क राहिलेला नाही. पण एक मागू का, ताई?

मुलगी : मागा.

वायरमन : तुम्ही बोटीवर राहणारी माणसं. इथून जाल, दुसऱ्या धक्क्याला लागाल, गप्पा निघतील. कुठंतरी कुणीतरी त्याची गोष्ट काढेल, हसेल. तेव्हा तुम्ही त्याची आठवण ठेवा. त्या सकाळी तो माझ्या बहिणीच्या हातचा चहा पिऊन उतरला होता. तो शुद्धीत होता, एवढं सांगा.